फोन ठेवून दिलेल्या पायलटांचं समाधान

पुण्यातल्या कुठल्याही कॉल सेंटरात वर्षभर काढलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल: ऐंशी-वीस. शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलायचे. बँक असो, विमा असो, मोबाइल कंपनी असो, भिंतीवरच्या स्क्रीनवर हाच आकडा हिरव्याचा लाल आणि लालचा हिरवा होत असतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्या स्क्रीनकडे बघण्यात गेली. म्हणून अमेरिकेत पायलटांना हवामान सांगणाऱ्या सरकारी सेवेच्या ठेक्यात हाच आकडा दिसला तेव्हा आधी हसू आलं, मग जरा धास्तावलो. क्रेडिट कार्डाच्या बिलाची चौकशी करणारा ग्राहक आणि डोंगरापलीकडे ढग किती खाली उतरलेत हे विचारणारा पायलट, दोघांना एकच फूटपट्टी?

त्या फूटपट्टीचं २००७ च्या उन्हाळ्यात काय झालं, आणि पायलट समाधानी आहेत की नाहीत हे मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

सेवा कोणाची, कोणासाठी

अमेरिकेतल्या ‘फ्लाइट सर्व्हिस’चा जन्म टपालाच्या विमानांतून झाला. २० ऑगस्ट १९२० रोजी टपाल खात्याने हवाई मार्गावर रेडिओ केंद्रं उभारायचा हुकूम काढला. पुढच्या मुक्कामावर धुकं आहे का, धावपट्टी ओली आहे का, हे एका केंद्राने दुसऱ्याला कळवायचं आणि दुसऱ्याने पायलटला सांगायचं. हे काम पुढे विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएएकडे आलं. एके काळी देशभर तीनशेहून जास्त केंद्रं होती. संगणक आले तशी ती एकत्र करत करत एकसष्टावर आणली गेली.

मोठ्या विमान कंपन्यांना या सेवेची फारशी गरज पडत नाही, त्यांचे स्वतःचे डिस्पॅचर, म्हणजे हवामान बघून उड्डाण आखणारी माणसं, असतात. ही सेवा छोट्या विमानांची. स्वतःचं चार आसनी विमान उडवणारा दंतवैद्य, शेतावर फवारणी करणारा, नुकतं लायसन्स हातात पडलेला विद्यार्थी, हे तिचे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायचं खरं, पण सेवा फुकट आहे. १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफ हा नंबर फिरवायचा, पलीकडे ब्रीफर येतो, म्हणजे उड्डाणाआधी हवामान सांगणारा कर्मचारी. खर्च सरकार करतं. हा फुकटपणा लक्षात ठेवा, कारण पैसे मोजणारा ग्राहक नाराज झाला तर पैसे द्यायचं थांबवतो आणि ते ताळेबंदात दिसतं. फुकट सेवेवर नाराज झालेला माणूस नुसता येईनासा होतो. तो कोणाच्याच वहीत दिसत नाही.

एक कॉल जवळून

शनिवारची सकाळ. छोट्या विमानतळावर सेसना १७२ उभं आहे, भाड्याचं. दहा ते एक असं तीन तासांचं बुकिंग, एक वाजता दुसरा माणूस त्याच विमानासाठी रांगेत. पायलट गुडघ्यावर वही घेऊन फोन लावतो. अनुभवी असेल तर एका दमात सांगतो: विमानाचा नंबर, प्रकार, व्हीएफआर म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडणार, कुठून कुठे, कोणत्या वाटेने, साडेचार हजार फुटांवर, निघायची वेळ झुलूमध्ये म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळाने, आणि प्रवास सव्वा तासाचा. मग म्हणतो, ‘स्टँडर्ड ब्रीफिंग, प्लीज.’

ब्रीफर ठरलेल्या क्रमाने सांगत जातो. आधी धोक्याचं काय ते: वादळ, बर्फ धरण्याची शक्यता, अचानक बंद झालेली धावपट्टी. त्यानंतर गरज वाटली तर तीन शब्द, ‘व्हीएफआर नॉट रेकमेंडेड’. मग एकूण चित्र, आत्ताची परिस्थिती, वाटेतला अंदाज, मुक्कामाचा अंदाज, वरच्या उंचीचे वारे, आणि नोटॅम, म्हणजे विमानतळ आणि हवाई मार्गांबद्दलच्या तातडीच्या सूचना. पायलट स्वतःच्या लघुलिपीत भराभर लिहून घेतो. शेवटी फ्लाइट प्लॅन नोंदवतो. हे सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. उद्या काही बरंवाईट घडलं तर आपण हवामान विचारलं होतं याचा पुरावा राहतो, आणि निव्वळ या कारणासाठी फोन करणारेही बरेच.

चांगला ब्रीफर वाचून दाखवत नाही, अर्थ लावून देतो. ‘तिकडे सकाळी समुद्रावरून ढगांचा थर येतो, अकरापर्यंत हटतो, तासाभराने निघा’ हे वाक्य कुठल्याही छापील अंदाजात सापडणार नाही. ते त्या भागात वीस वर्षं बसलेल्या माणसाकडून मिळतं. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारा ढगाकडे नुसतं बघून सांगतो ना, तसंच.

ठेका

२००५ च्या फेब्रुवारीत एफएएने जाहीर केलं की अलास्का वगळता सगळी फ्लाइट सर्व्हिस लॉकहीड मार्टिन या कंपनीकडे जाणार. केंद्रं अठ्ठावन्न, सरकारी कर्मचारी सुमारे अडीच हजार, आणि ठेक्याची किंमत दोन अब्ज डॉलरच्या आसपास. तेवढ्याच घरात बचत होईल असा हिशोब होता. कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही बोली लावली गेली होती, ती हरली. ऑक्टोबर २००५ मध्ये ताबा गेला. लष्कराबाहेर सरकारी काम खासगी हाती देण्याचा इतका मोठा व्यवहार तोवर झाला नव्हता.

खासगी पायलटांची सर्वांत मोठी संघटना एओपीए, तेव्हा चार लाखांहून जास्त सभासदांची. तिने या बदलाला पाठिंबा दिला होता. जुनी यंत्रणा मोडकळीला आली होती आणि पायलटांकडून ब्रीफिंगचे पैसे घ्यायचा विचार पुढे येईल अशी तिला भीती होती. खासगी कंपनी नवं सॉफ्टवेअर आणेल, खर्च उतरेल, सेवा फुकटच राहील, हे तिला पटलं. मलाही त्या जागी पटलं असतं.

करारात कामगिरीचे वीसेक निकष लिहिले होते. निकष चुकला तर दंड, साधला तर बक्षीस. त्यातला सगळ्यांच्या तोंडी झालेला निकष तोच, ऐंशी टक्के कॉल वीस सेकंदांत. रेडिओवर हाक मारणाऱ्या पायलटला त्याहून लवकर उत्तर द्यायचं. कागदावर हे चोख होतं. सरकारी खात्याने स्वतःला इतक्या काटेकोर अटी कधी घातल्याच नव्हत्या, हेही सांगायला हवं.

पहिलं दीड वर्ष तशी शांतता होती. माणसं तीच, खुर्च्या त्याच, पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदललं. मे २००७ मध्ये वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. सुरुवातीच्या हस्तांतरावर एफएएने नियंत्रण बरं ठेवलं, पण खरा कठीण टप्पा आता सुरू होतोय, असा त्याचा सूर होता. अहवाल छापून होईतो तो टप्पा अंगावर आलाच होता.

उन्हाळा

अठ्ठावन्न केंद्रांची वीस करायची होती. लीसबर्ग, फोर्ट वर्थ आणि प्रेस्कॉट ही तीन मोठी ठाणी, बाकी जुन्यातलीच डागडुजी केलेली. बंद होणाऱ्या केंद्रातल्या ब्रीफरने बिऱ्हाड हलवायचं किंवा नोकरी सोडायची. अनेकांनी सोडली. उरलेल्यांना एफएस-२१ हे नवं सॉफ्टवेअर शिकायचं होतं, आणि शिकायचा मोसम निवडला तो ऐन उड्डाणाचा. हवा मोकळी झाली की छोटी विमानं बाहेर पडतात. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात एसटीने आरक्षणाची सगळी यंत्रणा बदलायला काढावी, तसं झालं.

फोन होल्डवर राहू लागले. पंधरा-वीस मिनिटं, काहींच्या म्हणण्याप्रमाणे अर्धा तास आणि वर. मध्येच लाइन कट. नोंदवलेला फ्लाइट प्लॅन पुढे सापडेना. इतर ठिकाणी ही कटकट होती. वॉशिंग्टनभोवती ती अडचण झाली, कारण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर राजधानीभोवती आखलेल्या सुरक्षा क्षेत्रात प्लॅन नोंदलेला नसेल तर छोट्या विमानाला हलताच येत नव्हतं. प्लॅन दिला, ब्रीफरने घेतला, आणि कंट्रोलर म्हणतो, तुमच्या नावाने इथे काहीच नाही.

आणि अनोळखी आवाज. कॉल देशभरात जिथे माणूस मोकळा असेल तिथे जाऊ लागला. आपल्या गावच्या विमानतळाचं नाव पायलट ब्रीफरला स्पेलिंग करून सांगतोय, अशा तक्रारी आल्या. ब्रीफरची चूक नव्हती. वाळवंटात बसलेल्या माणसाला दोन हजार मैलांवरच्या खाडीतलं धुकं कसं माहीत असणार?

आता त्या शनिवारच्या पायलटकडे परत या. दहाचं बुकिंग, पंचवीस मिनिटं होल्डवर. एक वाजता विमान परत द्यायचंय. तो काय करतो? फोन ठेवतो. टीव्हीवर सकाळी बघितलेला नकाशा आठवतो, वर बघतो, आभाळ निळं दिसतं, निघतो. बहुतेक वेळा काही होत नाही. सुखरूप उतरतो आणि मनात हिशोब मांडतो की ब्रीफिंगवाचून काही अडत नाही. माझ्या मते त्या उन्हाळ्याचं सगळ्यांत महागडं नुकसान हेच, आणि ते कुठल्याच निकषात बसत नव्हतं.

मोजणी कुठे फसते

समजा शंभर पायलटांनी फोन लावला. पंचवीस जणांनी कंटाळून ठेवला, पंचाहत्तर जणांना ब्रीफिंग मिळालं. आपण त्या पंचाहत्तरांना विचारलं आणि ऐंशी टक्क्यांनी ‘समाधानी’ वर खूण केली. अहवालात ऐंशी छापून येईल. खरं तर शंभरातले साठ. उरलेल्यांपैकी पंधरा नाराज, आणि पंचवीस जणांना कोणी विचारलंच नाही. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, त्या उन्हाळ्याचे नव्हेत. पण गणिताचा साचा तोच राहतो: छेदात कोण बसतो यावर समाधान ठरतं. गर्दी जितकी जास्त तितके सोडून जाणारे जास्त, आणि जे थांबतात ते मुळात सोशिक किंवा निकडीचे. सेवा बिघडत असताना समाधानाचा आकडा स्थिर राहू शकतो, एखाद्या वेळी वरही जाऊ शकतो.

त्याच्या उलटही होतं. एकाच माणसाने तीनदा ठेवून चौथ्यांदा लावला तर यंत्राला चार कॉल दिसतात. तीन सुटलेले, एक उचललेला. पायलट एक, संताप एक, नोंदी चार. कॉल मोजायचे की माणसं, हे आधी ठरवलं नाही तर दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांवर शपथ घेऊन भांडू शकतात.

सरासरीचाही एक घोळ आहे, आमच्या धंद्यातला जुनाच. मंगळवारी दुपारी सगळे कॉल तीन सेकंदांत उचलले आणि शनिवारी सकाळी निम्मे वाऱ्यावर सोडले, तरी महिन्याचं पान हिरवं येतं. उड्डाणं मात्र शनिवारी होतात.

पण हे सगळं फोन उचलण्याबद्दल झालं. कोणत्याही टेलिफोन सेवेला लागू पडेल असं. ब्रीफिंगची अडचण याहून खोल आहे, आणि मला तिथे जास्त रस वाटला.

पायलटला मुळात जायचं असतं. बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला निघालेल्या माणसाला ‘व्हीएफआर नॉट रेकमेंडेड’ ऐकवलं तर तो खूश कसा होईल? कॉल संपल्या संपल्या त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगा, दोन देईल. त्या दिवशी त्याला मिळालेली सेवा कदाचित आयुष्यातली सर्वोत्तम असेल. दुसरीकडे एखादा ब्रीफर गोड बोलतो, घाई करत नाही, पण डोंगराच्या खिंडीतला ढग सांगायचा विसरतो. त्याला पाचपैकी पाच. डॉक्टरांचं असंच असतं. पथ्य सांगणाऱ्यापेक्षा गोळी देणारा लोकांना आवडतो.

यातून काही ब्रीफर सावध होऊन सरसकट ‘नॉट रेकमेंडेड’ म्हणू लागतात. अंगाशी यायला नको, शिवाय रेकॉर्डिंग चालू आहे. मग पायलटच्या कानाला त्याची सवय होते. लांडगा आला रे आला. निर्णय शेवटी पायलटचाच असतो, उड्डाणाआधी उपलब्ध माहिती घेण्याची जबाबदारी नियमाने त्याच्यावरच आहे. म्हणून तो तीन शब्दांच्या पुढे ऐकू बघतो: का नाही? किती वाजेपर्यंत नाही? उत्तरेकडून गेलो तर? ज्या ब्रीफरकडे याची उत्तरं असतात तो नाराज करूनही विश्वास कमावतो. असमाधान आणि अविश्वास यांत फरक आहे, आणि पाच चांदण्यांच्या प्रश्नावलीत तो उमटत नाही.

कोण उरलं

लॉकहीडने माणसं वाढवली, जादा पाळ्या लावल्या, सॉफ्टवेअरच्या भेगा बुजवल्या. एओपीए तक्रारी गोळा करून एफएए आणि कंपनीपुढे ठेवत राहिली. तक्रारीसाठी वेगळा नंबर होता. त्यानंतर होल्डवरची रड बरीच कमी झाली. पुढे सेवेत खरोखर चांगल्या गोष्टीही आल्या: नोंदवलेल्या वाटेवर नवं वादळ उठलं तर मेसेज येतो, फ्लाइट प्लॅन सुरू किंवा बंद करायला मेसेजमधली लिंक पुरते. २०१६ मध्ये कंपनीचा हा विभाग लिडोस या कंपनीत विलीन झाला.

मात्र त्याच २००७ साली पायलटांसाठी हवामान आणि नकाशांचं ॲप बनवणारी फोरफ्लाइट ही कंपनी सुरू झाली. २०१० मध्ये आयपॅड आला आणि पायलटांच्या मांडीवर जाऊन बसला. रडारवरचा पाऊस, वारे, नोटॅम, सगळं नकाशावर. फोन कमी होत गेले. आकाशातून हवामान विचारायची १२२.० मेगाहर्ट्झवरची ‘फ्लाइट वॉच’ ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद झाली, घरबसल्या संगणकावर ब्रीफिंग देणारी जुनी ‘ड्युअ‍ॅट्स’ मे २०१८ मध्ये. २०२१ मध्ये एफएएने स्वतःच मार्गदर्शक पत्रक काढून सांगितलं की पायलटांनी आधी आपलं आपण ब्रीफिंग करावं, अडलं तर फोन करावा.

आज त्या नंबरवर फोन करणाऱ्याला विचाराल तर तो बहुधा समाधानीच निघेल. रांग नाही, ब्रीफर अनुभवी, बोलायला वेळ आहे. पण हा आकडा २००७ च्या आकड्याशेजारी मांडून ‘सुधारणा’ म्हणणं मला जड जातं. ज्यांना आवडलं नाही ते केव्हाच निघून गेले. किती जण होल्डवर कंटाळून गेले आणि किती जण आयपॅड चांगला म्हणून गेले, हे आता वेगळं काढता येणार नाही, कारण ते जात असताना कोणी विचारलं नाही.

फोन करणाऱ्यांत एक गट मात्र टिकून आहे: शिकाऊ. इन्स्ट्रक्टर अजूनही फोन करायला लावतात, कारण प्रश्न विचारायची सवय पडावी. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनात ट्रेनिंगला गेलेली आपली मराठी मुलंही त्यांत येतात. त्यांची अडचण निराळी. ब्रीफर सराईतपणे भरधाव बोलतो, वाऱ्याचे आकडे एका श्वासात. ‘से अगेन’ म्हणायला हक्क आहे हे माहीत असतं, तिसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटत नाही. असा विद्यार्थी अर्धं ब्रीफिंग घेऊन ‘थँक यू सर’ म्हणत फोन ठेवतो. त्याला विचारा, समाधानी आहेस का? तो हो म्हणेल. त्याच्या वहीचं पान मागून घ्या आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघा, तेव्हा कळेल.

मी असतो तर

मला हे काम दिलं असतं तर नमुना उचललेल्या कॉलमधून न घेता लावलेल्या कॉलमधून घेतला असता. ज्याने फोन ठेवला त्याला दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न: मग काय केलंत? गेलात, थांबलात, की दुसरीकडून माहिती काढलीत? या एका उत्तरात सेवेची जितकी किंमत कळते तितकी पन्नास प्रश्नांच्या फॉर्ममध्ये कळत नाही.

ज्यांना ब्रीफिंग मिळालं त्यांना कॉल संपताच विचारायचं नाही. उतरल्यावर विचारायचं. सांगितलं तसं निघालं का? सांगायला हवं होतं असं काही राहिलं का? बेत बदललात का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर लगेच ब्रीफरच्या माथी मारायचं नाही. अंदाज हवामान खात्याचा असतो, ब्रीफर तो पोचवणारा. हातात होतं ते त्याने पोचवलं का, हे रेकॉर्डिंग ऐकूनच ठरवावं लागेल, आणि ऐकणारा त्या भागाचा जाणकार हवा. हे खर्चिक आहे. सेकंद मोजणं स्वस्त आहे, म्हणून सगळे सेकंद मोजतात. आम्हीही तेच करत होतो.

गंमत अशी की प्रत्यक्षात काय निघालं हे विचारायची पद्धत या सेवेत आधीपासूनच आहे, फक्त तिला कोणी सर्वेक्षण म्हणत नाही. आकाशातला पायलट रेडिओवर कळवतो: इथे ढगांचा माथा सहा हजारांवर, हादरे मध्यम, बर्फ नाही. याला पायरेप म्हणतात. तो ब्रीफरकडे येतो आणि पुढच्या पायलटच्या ब्रीफिंगमध्ये जातो. अंदाज आणि वास्तव यांतलं अंतर, तारीख-वेळ-उंचीसकट. २०१७ मध्ये अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने या पायरेपवरच स्वतंत्र अहवाल काढला: ते कमी येतात, उशिरा पोचतात, चुकीचे नोंदले जातात.

ते कमी का येतात याची बरीच कारणं आहेत, पण एक मला या प्रकरणातूनच दिसतं. ज्या सेवेने आपल्याला पंचवीस मिनिटं ताटकळत ठेवलं तिला वरून हाक मारून माहिती द्यायची उमेद राहत नाही. एक पायलट कळवत नाही, म्हणून त्याच्या मागून येणाऱ्याचं ब्रीफिंग थोडं अधिक पोकळ होतं, आणि तोही मग कळवेनासा होतो.

ब्रीफर आजही बोलणं संपवताना बहुधा हेच मागतो, वर गेल्यावर कसं दिसतंय ते कळवा. पायलट ‘विल डू’ म्हणतो आणि विमानाकडे चालू लागतो. किती जण खरंच कळवतात, ते मोजायला फॉर्मसुद्धा लागत नाही.